मोठ्याचा नारळ

अर्नाळा कोळीवाडा
६ ऑक्टोबर २०२४

कु. मनाली सुरेश वैती हिस,

पाकिटावरचं अक्षर बगून तुला वाटलं असेल, आजोबा हरले. आजोबा हरलेले नाय. मागच्या शिमग्याला तू बॅग खांद्यावर टाकून निघालीस तेव्हा मी होडीला हात लावून सगळ्यांसमोर शपथ घेतली होती, की ही पोरगी कायमची घरी येईपर्यंत मी हिच्याशी एक शब्द बोलनार नाय. ती शपथ जागेवर आहे. दर रविवारी तुझा फोन येतो, तुझी आजी मुद्दाम खिडकीत बसून मोठ्याने बोलते आनि मी मुद्दाम जाळी सांधायला बाहेर जातो. पन लिहिन्याबद्दल मी काही म्हटलं नव्हतं. म्हनून लिहितो.

कामाचं ऐक. आपल्या मच्छीमार सोसायटीत कारकुनाची जागा निघाली आहे. होड्यांना डिझेल नि बर्फ देताना पावती फाडायची, डोक्यावर पंखा, दुपारी दोनला घर. चेअरमन माझ्या शब्दाबाहेर नाय. त्याला सांगून मी ती जागा येत्या शिमग्यापर्यंत तुझ्यासाठी धरून ठेवली आहे. पुढे तो थांबनार नाय.

तू बीएस्सी झालीस, चांगलं झालं. पन दर्यावरच्या मानसाची नात तिकडे विदर्भात जाऊन पाहुन्यांना जीपमधून जनावरं दाखवते, हे मी कोनाला सांगू? परवा आगाशीच्या बाजारात क्लेमेंटीन केळीवालीने तुझ्या आजीला विचारलं, "जिजा, तुजी नात वाघ राखते म्हने?" तुझी आजी हसली. मला हसायला येत नाय. तुझ्या बापाला फुलपाड्याच्या फ्लॅटमध्ये झोप लागते, मला लागत नाय.

जनावराचा काय भरवसा. घरी ये.

रामनाथ गजानन वैती
माजी तांडेल, होडी कालिकाप्रसाद


ताडोबा, जि. चंद्रपूर
२३ ऑक्टोबर २०२४

प्रिय आजोबा,

तुमचं पत्र लॉजच्या किचनमध्ये उभ्याने तीनदा वाचलं. आमच्या जिप्सीचा ड्रायव्हर भूपेशदादा म्हणाला, "काय गं, लग्नबिग्न ठरलं का?" म्हटलं, नाही, माझ्या आजोबांनी सात महिन्यांनी मला शिव्या घातल्यात. इतकं बरं वाटलं ना, काय सांगू!

आजोबा, मी वाघ राखत नाही. वाघाला राखायची गरजच नाही. मी लॉजची नॅचरलिस्ट. पाहुण्यांना घेऊन पहाटे गेटमधून आत जायचं, जंगल दाखवायचं, आणि कुणी आगाऊपणा करू नये हे बघायचं. गेटवरच्या वनअधिकारी मॅडमनी मला वर्षभराचा कच्चा पास दिलाय. यंदाचा सीझन नीट गेला तर पक्का होईल.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते इथे काय आहे. पाऊस नुकताच सरलाय. गवत माझ्या डोक्याच्या वर. पहाटे तळ्यावर धुकं असतं आणि त्या धुक्यातून एक एक झाड बाहेर येतं. कडई नावाचं एक झाड आहे, पांढरंफटक, गुळगुळीत. अंधारात बघितलं तर तुम्हीसुद्धा रामनाम घ्याल. परवा बांबूतून गव्यांचा कळप निघाला. एकेक गवा आपल्या दाराएवढा उंच, अंगाने काळा कुळकुळीत आणि चारी पायांत पांढरे मोजे. अठरा मोजले. शेवटचं पिल्लू रस्त्यात थांबून आमच्याकडे बघत बसलं, तर आई मागे आली आणि नाकाने ढकलून घेऊन गेली. मी रोज जाते आजोबा, आणि रोज माझं तोंड उघडंच राहतं.

आणि हे सगळं तुमच्यामुळे झालंय, हे विसरू नका. मी नऊ वर्षांची होते. तुम्ही मला होडीतून नेलं होतं, आईला न सांगता. खूप आत गेल्यावर तुम्ही एकदम इंजिन बंद केलं. पाण्यातून ती पाठ वर आली आणि येतच राहिली, संपेचना. तुम्ही त्याचं नाव घेतलं नाहीत. आपल्या होडीवर देवमाशाला देवमासा म्हणत नाहीत, नुसतं "मोठा" म्हणतात. तुम्ही फळीखालून तो नारळ काढलात, जो कधीच कुणी फोडत नाही, मोठ्यासाठीच ठेवलेला असतो. तो पाण्यात सोडलात आणि माझ्या कानाशी हळूच म्हणालात, "मनू, हात जोड." मी जोडले. तो आपल्या बाजूने निघून गेला, आपल्याला काहीही न करता. त्या दिवसापासून मी कामातून गेले, आजोबा. सोसायटीचा पंखा आता मला पुरणार नाही.

तरी एक सौदा करू. तुम्ही इथे या. तीन दिवस. तुमच्या डोळ्यांनी बघा. बघून झाल्यावरही म्हणालात की घरी ये, तर मी येते. वाद नाही, रडारड नाही. तुमचा शब्द शेवटचा.

तुमची,
मनू

ता.क. आजीला सांगा, तिने पाठवलेला सुका जवळा लॉजच्या कुकने फेकून दिला. त्याला वाटलं खराब झालाय. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. बोलणं टाकायची सवय घराण्यातलीच.


अर्नाळा कोळीवाडा
१९ नोव्हेंबर २०२४

मनाली हिस,

सौदा मान्य. जानेवारीत येतो. तेव्हा थंडीने मासळी कमीच असते नि पोरं होडी सांभाळतील. तुझी आजी येनार नाय, ती म्हनते, "मी वाघाला बगायला कशाला जाऊ, पन्नास वर्सं घरातच आहे." तिला फार हसू आलं स्वतःच्याच बोलन्याचं.

माझ्या अटी लिहून घे. एक, मी तिथे आलो तरी तुझ्याशी बोलनार नाय. काही सांगायचं तर तुझ्या त्या भूपेशला सांगीन, तो तुला सांगेल. दोन, कोनी मला आजोबा बसा, आजोबा उठा, असं म्हातारा समजून करायचं नाय. तीन, मी वाघाला भीत नाय. बोरिवलीला पिंजऱ्यातला बगितला आहे, झोपलेला होता. माशी बसली तरी हलत नव्हता.

मोठ्याची गोष्ट तू लिहिलीस ती मी तुझ्या आजीला वाचून दाखवली. तुझ्या आईला न सांगता नेलं होतं हे तिलाही ठाऊक नव्हतं. आता तिला ठाऊक झालं आहे. जेवन मिळालं, पन उशिरा.

एक गोष्ट मी तेव्हा तुला सांगितली नव्हती. माझा धाकटा भाऊ धर्मा मोठ्याला कधी घाबरला नाय. जवळ जायचा, अजून जवळ जायचा. एका श्रावनात होडी आली, धर्मा नाय आला. जो मोठ्याच्या जवळ राहतो त्याला वाटतं, आपली ओळख झाली. मोठ्याची कोनाशी ओळख नसते. म्हनून मला झोप लागत नाय, बाकी क्लेमेंटीन काय बोलते त्याचं मला काही नाय.

रामनाथ वैती


ताडोबा
१५ डिसेंबर २०२४

प्रिय आजोबा,

धर्माआजोबांचं मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. मी जवळ जात नाही, आजोबा. इथे जवळ जायचंच नसतं. गाडी थांबवायची आणि गप्प बसायचं, तुम्ही इंजिन बंद केलं होतं तसं. हे तुम्ही येऊन बघालच.

तुमचं ११ ते १३ जानेवारीचं बुकिंग केलंय. ते तीन दिवस मी मोठ्या मिनतवारीने मागून घेतलेत, कारण आता मे संपेपर्यंत मला एक दिवस रिकामा नाही. चंद्रपूरला उतरा, भूपेशदादा न्यायला येईल. सूचना नीट वाचा. लाल-पिवळे कपडे नकोत. अंगाला वास येईल असं काही नको. स्वेटर, कानटोपी, मफलर, तिन्ही आणा, उघड्या जीपमध्ये पहाटे हाडं वाजतात. खायचं काहीही आत न्यायचं नाही, शेंगदाणासुद्धा नाही. गाडीतून उतरायचं नाही, आवाज करायचा नाही. शेवटच्या अटीची मला तुमच्या बाबतीत काळजी नाही, तुम्ही बोलणारच नाही आहात!

मी रोज दिवस मोजतेय. थोडी भीती वाटते. वाघाची नाही, तुमच्या शब्दाची.

मनू


अर्नाळा कोळीवाडा
२० जानेवारी २०२५

मनू,

पोचलो. खोकला आहे, बाकी ठीक. घरी आल्यापासून सगळे विचारतात काय बगितलं, आनि मला सांगता येत नाय. आयुष्यभर मी दर्यावरच्या गोष्टी सांगत आलो, एकाच्या चार केल्या. आता एकाची अर्धी पन होत नाय. म्हनून तुलाच लिहितो. तू तिथेच होतीस, पन मला काय दिसलं ते तुला कुठे माहीत आहे?

पहिल्या दिवशी मी मनात हसत होतो. झाडं, झाडं आनि झाडं. हरनं बगितली, सुंदर आहेत, पन हरन म्हनजे आमच्याकडले बोयटं मासे, थव्याने येतात, थव्याने पळतात. भूपेशला मी सांगितलं, "तिला सांग, बरं आहे." त्याने तुला सांगितलं. तू माझ्यापासून एका हाताच्या अंतरावर बसली होतीस. तो बिचारा दोघांच्या मधे पोस्टमन झाला होता.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर गेलो. धुकं होतं. मी डोळे मिटून सांगितलं असतं की खाडी आहे. मग धुकं वर गेलं आनि पलीकडे डोंगर, अलीकडे गवत, त्यात ते काळे गवे पांढरे मोजे घालून उभे. काठावरचा ओंडका चालत पान्यात गेला, तेव्हा कळलं मगर आहे. मी मफलर तोंडात धरला होता. चार तास झाले, मला तंबाखूची आठवन झाली नाय. हे तुझ्या आजीला पटत नाय.

आनि तिसरा दिवस. तू हात वर केलास आनि गाडी थांबली. मागच्या दोन गाड्या पन थांबल्या. बारा-तेरा मानसं, मोठे मोठे कॅमेरेवाले, सगळे तुझ्या हाताकडे बगत होते. मी चाळीस वर्सं तांडेल होतो, माझा हात वर झाला की होडी थांबायची. मला कळलं, इथे तांडेल कोन आहे. मी खाली बगितलं, डोळ्यांत काही गेलं होतं.

वारा पडला. मला सांगायला नको, वारा पडला की काय येतं ते मला माहीत आहे. झाडावरचं वानर एकाच बाजूला बगत होतं. मग बांबू हलले पन नाय आनि ती बाहेर आली. मनू, मी आवाज शोधत होतो. एवढं मोठं जनावर, पालापाचोळा सुकलेला, आनि पावलाचा आवाज नाय! ती रस्त्याच्या मधून आली, तुझी आजी मासळी बाजारात चालते तशी, कोनाला बाजूला व्हा म्हनावं लागत नाय. माझ्या बाजूने गेली. दीड हातावरून गेली. तिच्या अंगाचा रंग मी खोटा समजत होतो, चित्रात जास्त लावतात म्हनून. चित्रात कमी लावतात. तिचा वास आला, नव्या वासाच्या तांदळाचा वास. वाघाला तांदळाचा वास! हे मी कोनाला सांगितलं तर म्हनतील, म्हातारा गेला कामातून.

तेव्हा मी ते केलं. आपल्या होडीवरचा मोठ्याचा नारळ मी कानटोपीत गुंडाळून आनला होता. तू लिहिलं होतंस खायचं काही आनू नका. तो खायचा नव्हता, द्यायचा होता. ती पुढे गेली तसा मी तो हळूच रस्त्यावर सोडला. धप्प आवाज झाला. ती वळली. मनू, तिने माझ्याकडे बगितलं. माझं वय, माझी शपथ, माझी होडी, सगळं त्या डोळ्यांत काहीच नव्हतं. मी कोनीच नव्हतो, आनि मला त्याचं वाईट वाटलं नाय. मग तिने नारळाला नाक लावलं, पंजाने जरा ढकलला आनि गवतात गेली. मोठ्याने स्वीकारला. माझ्या बापाने जन्मात चार नारळ दिले, मी दोन, हा तिसरा.

मागच्या गाडीतले लोक काही बडबडत होते, गेटवर मॅडमनी तुला बाजूला घेतलं. तू भूपेशकरवी सांगितलंस, सही करायची होती. बरं.

आनि एक बग, तीन दिवस झाले पन मी शपथ मोडली नाय. ती एवढी समोर आली तेव्हासुद्धा माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाय. माझ्या होडीला मी खोटा पडलो नाय.

आता माझा शब्द. रागावू नको. बगितलं, आनि जन्माचं सार्थक झालं. म्हनूनच सांगतो, घरी ये. ती वळली तेव्हा तिच्या नि तुझ्या मधे काहीच नव्हतं. मला धर्मा दिसला. मी घाबरलो, मनू. लिहितो ते खरं लिहितो. दीड हात म्हनजे काहीच नाय. घरी ये.

तुझा
आजोबा


ताडोबा
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय आजोबा,

पत्र मिळालं. ठरलं होतं तसंच, वाद नाही. मी येते. २३ तारखेला निघेन म्हणते. सध्या तसंही इथे काम कमीच आहे, त्यामुळे कुणाची अडचण होणार नाही. चेअरमनना सांगून ठेवा.

तुम्ही जे लिहिलंत ते मी जपून ठेवलंय. इतकी वर्षं लोकांना वाघ दाखवणाऱ्यांनासुद्धा असं बघता येत नाही.

खोकल्यासाठी आजीचं ऐका. सामान फार नाही, दोन बॅगा आहेत.

मनू


अर्नाळा कोळीवाडा
१२ फेब्रुवारी २०२५

मनू,

तुझं पत्र मी आजीला वाचून दाखवलं. ती म्हनाली, "ही आपली मनू नाय." आपली मनू भांडल्याशिवाय हो म्हनत नाय. आनि काम कमी? डिसेंबरात लिहितेस मे संपेपर्यंत दिवस रिकामा नाय, नि फेब्रुवारीत काम कमी? मी म्हातारा आहे, भोळा नाय.

भूपेशशी न बोलन्याची शपथ मी घेतलेली नाय. त्याला फोन लावला. आधी तो नेटवर्क नाय, नेटवर्क नाय करत होता. मी म्हटलं, बाबा, नेटवर्क नाय तर तू ऐकतोस कसं? मग सगळं बोलला.

वाघीन दिसली त्याच दुपारी तुझा पास काढून घेतला. मागच्या गाडीतल्या कोनी व्हिडिओ काढून गेटवर दाखवला, की वाघिनीच्या अंगावर वस्तू फेकली. मॅडमनी तुला विचारलं, "तू त्यांच्या शेजारीच बसली होतीस. थांबवलं का नाहीस?" आनि तू खाली मान घालून गप्प राहिलीस. म्हनाली असतीस की म्हाताऱ्याने लपवून आनला, मला माहीत नव्हतं, तर तेवढ्यावर सुटली असतीस. ते खरंच होतं! का गप्प बसलीस? आता महिना झाला तू लॉजच्या चादरी मोजतेस आनि पक्का पास मिळनार की कायमचं गेट बंद होनार, ते महिनाअखेर ठरनार. आनि मी इथे बाजारात नाक वर करून सांगत फिरतो, मोठ्याने स्वीकारला, मोठ्याने स्वीकारला. मला शरम वाटते.

ऐक. माझा शब्द मी मागे घेतला. घरी येऊ नको. मी तुला घरी बोलावत होतो ते तू तांडेलासारखी ताठ मानेने येशील म्हनून. कोनी हाकलून दिलेली म्हनून नाय. आनि खरं सांगू, रात्रंदिवस विचार केला. धर्मा जवळ जायचा. तू हात वर करून थांबवतेस. हा फरक मी गाडीत बसून बगितला होता, पन घाबरलेल्या मानसाला बगितलेलं आठवत नाय. जवळ गेलो तो मी. माझ्यासारख्या आगाऊ लोकांना थांबवायलाच तू तिथे हवीस.

सोसायटीची जागा मी सोडून दिली. शेजारच्या प्रीतलला लागली, तिला गरज पन होती.

आता शपथेचं. ती कायमची घरी येईपर्यंतची आहे. तू येनार नाय, म्हनजे ती माझ्या जन्माची झाली. होडीला हात लावून घेतलेली आहे, ती मला मोडता येत नाय. चालेल. रविवारी मी बाहेर न जाता खिडकीखाली बसेन, तुझी आजी मोठ्याने बोलेल, तेवढं ऐकेन. आनि लिहीन.

मॅडमना पत्र टाकलं आहे. नक्कल खाली लिहितो, म्हनजे तुला न सांगता काही केलं असं होनार नाय.

तुझा आजोबा

"मा. मॅडम यांस,
मी रामनाथ गजानन वैती, राहनार अर्नाळा, तालुका वसई. तो नारळ मी टाकला. मनाली वैती ही माझी नात, तिला तो आनल्याचं ठाऊक नव्हतं, मी कानटोपीत लपवला होता. मी कोनावर काही फेकलं नाय. आमच्या होडीवर मोठा जीव दिसला की इंजिन बंद करायचं, नारळ द्यायचा आनि नमस्कार करायचा अशी रीत आहे. नारळ द्यायचा म्हनजे, मी तुझ्या घरात आलो, मला जाऊ दे, असं सांगायचं. तुमच्या जंगलाचा नियम वेगळा आहे हे मला लिहून कळवलेलं होतं, तरी मी माझ्या मनाचं केलं. दर्यावर कोनी माझं न ऐकता असं केलं असतं तर मी त्याला परत होडीत घेतलं नसतं. तेव्हा मला पुन्हा गेटमधून आत घेऊ नका, ही शिक्षा मला द्या. पोरीला देऊ नका. तुमच्याकडे तिच्यासारखी मानसं कमी असतील. तिचा हात वर झाला तेव्हा तीन गाड्या थांबल्या, हे मी तांडेल म्हनून सांगतो.
आपला, रामनाथ वैती"


ताडोबा
२६ फेब्रुवारी २०२५

प्रिय आजोबा,

काल मॅडमनी बोलावलं. टेबलावर तुमचं पत्र होतं आणि त्यावर दाब म्हणून तुमचा नारळ! तो पुरावा म्हणून जप्त केलाय, त्याला चिठ्ठी बांधून नंबर घातलाय. मॅडमनी पत्र माझ्यासमोर पुन्हा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "लेखी ताकीद देते. एक मार्चपासून आत जा. बाकीचं मे महिन्यात तुझं काम बघून ठरवू. आणि आजोबांना सांग, पुढच्या वेळी नुसता नमस्कार पुरे." म्हणजे पुढची वेळ आहे. तुम्ही मागितलेली शिक्षा तुम्हाला मिळालेली नाही.

बाहेर येऊन मी भूपेशदादाच्या खांद्यावर डोकं ठेवून भोकाड पसरलं. तो म्हणाला, तुमच्या घरात दोनच प्रकार दिसतात, एक तर बोलणार नाही, नाहीतर असं.

आता तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. मी गप्प का बसले? मी ते मॅडमना सांगितलं नाही, भूपेशदादाला नाही, आणि तुम्हाला तर सांगायचंच नव्हतं. तुमची शपथ होडीला हात लावून घेतलेली. तीन दिवस पाळली म्हणून तुम्ही घरी जाऊन किती खूश होतात, पत्रात दिसत होतं. ते मोडायला माझं मन होईना. पण तुम्ही लिहिलंत की ती आता जन्माची झाली, खिडकीखाली बसेन. ते वाचल्यावर गप्प राहणं मला जमणार नाही.

आजोबा, तुमची शपथ जानेवारीतच मोडलीय. तुम्हाला आठवत नाही, कारण तेव्हा तुम्ही तुमच्यात नव्हतातच. ती बांबूतून बाहेर आली, तुमच्या बाजूने गेली, आणि तुम्ही माझ्या कानाशी वाकलात. अगदी हळू. भूपेशदादालाही ऐकू गेलं नाही. दहा महिन्यांनी तुमचा आवाज ऐकला मी. आणि तोही तसाच, मी नऊ वर्षांची असताना होता तसा.

म्हणून येत्या रविवारी फोन करीन तेव्हा खिडकीखाली बसू नका. आजीच्या हातातून फोन घ्या. होडीला खोटं पडायचं ते पडून झालंय, आणि ते मोठ्याच्या समोर पडलात, होडी समजून घेईल.

मॅडमनी विचारलं, थांबवलं का नाहीस. नारळ तुमच्या हातात मला दिसला होता, आजोबा. नुसता हात पुढे केला असता तरी पकडला असता. पण तुम्ही म्हणाला होतात, "मनू, हात जोड." आणि मी ते जोडले होते.

तुमची,
मनू